वारंगुळ्यातली ठकी

तुम्ही कधी मराठवाड्यात लोहाऱ्याकडे गेलात तर सोबत एक वाकणारी कंबर न्या. बाकी सगळं तिथं मिळतं. भाकरी मिळते, ताक मिळतं, न मागता सल्ला मिळतो. कंबर मात्र ज्याची त्याने न्यायची असते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पुण्याहून निघाले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, छापील प्रश्नावल्यांचा एक गठ्ठा, आमच्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ सुर्वे आणि एक रोबो एवढाच संसार होता.

मी नोकरीत नक्की काय करते हे आमच्या घरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. माणूस आणि रोबो यांनी मिळून काम कसं करावं, याचा मी तीस वर्षं अभ्यास करते आहे. असं म्हटलं की लोक आदराने मान हलवतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे काय करता?" माझ्या सासूबाईंनी यावर फार पूर्वीच निकाल दिला होता. "ती माणसाला आणि यंत्राला एका खोलीत कोंडते आणि आपण काचेआडून बघत बसते," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी तेव्हा रागावले होते, पण इतकं नेमकं वर्णन माझ्या एकाही शोधनिबंधात नाही.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना शेवटचा प्रकल्प हातात होता. रानात भाजी तोडणाऱ्या माणसाच्या मागेमागे जायचं, भरलेलं कॅरेट पाठीवर घ्यायचं, बांधावर पोचवायचं आणि परत यायचं, एवढं काम करणारा चार चाकांचा रोबो. प्रयोगशाळेत तो हे झकास करायचा. पण ज्या मंडळाने पैसे दिले होते त्यांनी पत्र धाडलं: खऱ्या रानात, खऱ्या माणसांबरोबर चार दिवस चालवा, पाचव्या दिवशी आमचे परीक्षक येऊन बघतील. चालला तर माझ्यामागून येणाऱ्यांना काम पुढे नेता येईल. नाही चालला तर प्रकल्प बंद, रोबो अडगळीत, आणि माझ्या नावाच्या अहवालात शेवटची ओळ अशी की माणूस आणि रोबो यांचा मेळ प्रयोगशाळेबाहेर जमत नाही. तीस वर्षांवर अशी ओळ लिहून घेऊन घरी जायची माझी तयारी नव्हती. स्पष्टच सांगते, मी घाबरले होते.

लोहारा

लोहाऱ्याच्या स्टँडबाहेर आमचा टेम्पो पाच मिनिटं थांबला आणि भोवती माणसं जमली. सुर्व्यांनी रोबोला दोन चादरी, एक ताडपत्री आणि बरीच सुतळी गुंडाळली होती. सुर्वे पन्नाशीचे गृहस्थ. धूळ, ऊन, कुत्री आणि उत्साही माणसं या चारही गोष्टींची त्यांना धास्ती आहे. एक धोतरवाले आजोबा जवळ आले, ताडपत्रीला हात लावून पाया पडले आणि मग म्हणाले, "कोन्च्या देवाची मूर्ती हाय?"

"रोबो आहे," सुर्वे म्हणाले.

"असं का. कुठल्या गावचा?"

पुण्याचा, हे ऐकल्यावर आजोबांनी पाया पडल्याचा हात धोतराला पुसला. मला वाईट वाटलं नाही, सुर्व्यांना वाटलं.

लोहाऱ्यापासून जीपने अर्ध्या तासावरच्या एका गावात आमचा मुक्काम होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण कमलची तशी ताकीद आहे. "नाव छापलाव तर उद्या समदा तालुका बगाया येईल, आन् च्या कोन करंल?" ही कमल आमची यजमानीण. चाळिशीची, काटक, डोक्याला कायम टॉवेल बांधलेला. ती आणि तिच्या चार सोबतिणी अशा पाचजणी टोमॅटो लावतात, आणि पाचहीजणींचं काम वारंगुळ्यानं चालतं. म्हणजे आज सगळ्याजणी मिळून एकीच्या रानात राबायचं, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. आमच्याकडे याला सावड म्हणतात, पण आमच्याकडे तो शब्दच उरलाय. इथं तो रोज सकाळी आठ वाजता खुरपं घेऊन दारात उभा असतो.

नियमाप्रमाणे मी आधी प्रश्नावली काढली. पहिला प्रश्न: या यंत्रावर तुमचा किती विश्वास आहे? अजिबात नसेल तर एक, पूर्ण असेल तर सात. कमलने कागद उलटसुलट करून बघितला.

"अजून वळख बी झाली न्हाय, तर इस्वास कसा सांगू? त्यापरीस नवऱ्यावर किती हाय ते इचारा."

"बरं, किती आहे?"

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, बब्रुवानकडे, तिने एकवार बघितलं. "दीड लिवा," ती म्हणाली. बब्रुवानने मान डोलावली. तो कशालाही मान डोलावतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

शेवंताअक्कांचं रान

पहिल्या दिवशी पाळी शेवंताअक्कांची होती. पाचजणींत या सगळ्यात वडील. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे कुत्रं, वासरू आणि जावई यांच्याशी कानडीत बोलतात. रान काळंभोर, एका अंगाला शेंगा धरलेली तूर, दुसऱ्या अंगाला पोटऱ्यात आलेली ज्वारी आणि मधे टोमॅटोच्या सरी. सुर्व्यांनी रोबोची सुतळी सोडली. गुडघ्याएवढी त्याची पाठ, त्यावर एक लांब मान आणि मानेवर दोन डोळे. अक्कांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"करतंय काय ह्ये?"

"ओझं वाहतं," मी म्हटलं.

"मग बाईच की. ठकी मनू आपन हिला. बा, बा!" आणि त्यांनी वासराला बोलावावं तसं तिला सरीत बोलावलं.

आता ठकीला शिकवलं होतं असं: जो तुझ्या पाठीवर कॅरेट ठेवील त्याच्यामागे जायचं. कमलने कॅरेट ठेवलं. ठकीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. इथवर माझ्या पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. मग कमल तोडणीला खाली वाकली आणि ठकी बावरली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाच बायका चार पावलांवर राबत होत्या, पण तिच्या लेखी रानात चिटपाखरू नव्हतं. मी आणि सुर्वे सावलीत टिपणं घेत बसलो होतो. शेवटी बांधावर कमरेवर हात ठेवून उभा असलेला बब्रुवान तिला दिसला आणि ती सुसाट त्याच्याकडे निघाली.

बब्रुवान दोन पावलं मागे सरला, ठकी दोन पावलं पुढे गेली. तो तुरीत शिरला, ती तुरीच्या कडेने त्याला समांतर. "आगं कमल, ह्ये माज्याच मागं कामून लागलंय?" तो तुरीतून ओरडत होता. बायका सरीत बसून इतक्या हसल्या की अक्कांना ठसका लागला. बब्रुवान शेवटी बैलगाडीत चढून आडवा झाला. तो नाहीसा झाल्यावर ठकीने पुन्हा चहूकडे बघितलं आणि ज्वारीतल्या बुजगावण्यासमोर जाऊन मोठ्या भक्तिभावाने उभी राहिली. दुपारी आम्ही जेवायला बसलो तरी ती तिथंच होती.

जेवण मात्र असं की आजही आठवलं तर जीव तिकडे ओढतो. ज्वारीची पापुद्रा सुटलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि सरीतून तोडून हातानेच फोडलेला टोमॅटो. पुण्यात आम्ही पाहुण्याला "काय घेणार?" असं विचारून उत्तराची वाट बघतो. इथं भाकरी तुमच्या हातावर आधी येते आणि चौकशी मागाहून होते.

सुर्व्यांनी खाली मान घालून कारण सांगितलं. ठकीला माणूस ओळखायला शिकवताना आम्ही जी छायाचित्रं वापरली ती सगळी विद्यापीठातली. व्हरांड्यातून चालणारी, दारात उभी असलेली, तावातावाने बोलणारी माणसं. वाकलेलं माणूस तिने कधी बघितलंच नव्हतं. ते तिला झुडूप वाटत होतं.

कमलने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "म्हंजे जे उभं हाय तेवढंच माणूस?"

"सध्या तरी तसंच."

"मग नवीन काय केलाव म्याडम? तसली आमच्या गावात चिक्कार हायती."

मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुसरीच्या रानात गेले तर चमत्कार! ठकी सरीत शहाण्यासारखी चालत होती, बायका कॅरेट ठेवत होत्या, बांधावर ढीग लागत होता. मी आनंदाने वही काढली. मग जवळ जाऊन बघितलं, तर बायकांनी शेजारचं बुजगावणं उपटून आणलं होतं. सरीत जसजशा त्या पुढे सरकत तसतसं त्याला उचलून आपल्या शेजारी रोवत, आणि ठकी इमानेइतबारे त्याच्या फाटक्या सदऱ्यामागे जात होती.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "विज्ञानात ही फसवणूक होते."

"कॅरेट बांदावर गेलं का?" कमल.

"गेलं."

"मग इज्ञानाला काय दुखालंय?"

मी हट्टाने बुजगावणं काढायला लावलं. ठकी लगेच बब्रुवानच्या दिशेने वळली. पण बब्रुवान एका दिवसात शहाणा झाला होता. तिची मान आपल्याकडे फिरताना दिसली की तो मटकन खाली बसायचा आणि तिच्यापुरता नाहीसा व्हायचा. त्या दिवशी तो बराच वेळ सरीत बसून होता. कमल म्हणाली, "आवो, बसलाव तर बसलाव, दोन टमाटी तर तोडा." बब्रुवानने मान डोलावली आणि तोडायला लागला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

नंदाचं रान

तिसऱ्या दिवशीची चूक पूर्णपणे माझी. आमच्या शास्त्रात एक पद्धत आहे: रोबोने कुणाबरोबर, कुठे काम करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे पक्षपात होत नाही. मी रीतसर चिठ्ठ्या टाकल्या. नंदाचं नाव आलं. नंदा ही पाचजणींतली सगळ्यात धाकटी. रात्री जेवताना मी बब्रुवानला सांगितलं, "उद्या ठकी नंदाच्या रानात. सगळ्यांना निरोप द्या." त्याने मान डोलावली.

सकाळी नंदाच्या रानात आम्ही तिघे हजर. मी, सुर्वे आणि ठकी. चौथं कुणी येईना. ऊन वर आलं. मी बांधावर बसलेली, ठकीला उभे दिसणारे सुर्वे एकटेच, त्यामुळे ती त्यांच्यामागे आणि सुर्वे तिच्यापुढे, असे दोघे बांधावरून येरझाऱ्या घालत होते. शेवटी मी तणतणत कमलच्या रानात गेले. पाचहीजणी तिथं वाकून तोडत होत्या. मान कुणीच वर केली नाही.

"अहो, आज नंदाच्या रानात ठरलं होतं ना?"

"कुनी ठरीवलं?" कमलचा आवाज थंड होता. "आज माजी पाळी."

"चिठ्ठीत नाव नंदाचं आलं."

नंदा वाकलेलीच बोलली, "चिठ्ठीत यीना का. मी वारंगुळ्यात हाय, कमलाताईच्या पाळीला म्या माज्या रानात जाईन व्हय?"

मग अक्कांनी मला कडेला बसवलं आणि लेकीला समजावतात तसं समजावलं. कमलचा माल पिकून लाल झाला होता. ठकी येणार, ओझं तीच नेणार, म्हणून तिने जास्तीची कॅरेटं मागवली होती आणि मोठा टेम्पो सांगितला होता. ठकी आली नाही. दोघीजणी नुसत्या ओझ्यामागेच अडकल्या आणि तोडणी मागे राहिली. टेम्पो दुपारी अर्धा रिकामा गेला, तो माझ्या डोळ्यांदेखत. उरलेला माल उन्हात तडकत होता.

"पाळी मोडली," अक्का म्हणाल्या. "येक डाव पाळी मोडली की वारंगुळ्यातून नाव कटतंय. ठकीचं कटलं."

"पण ती यंत्र आहे, अक्का! चूक माझी आहे."

"तसं कसं? दोन दिस आमच्यात राबली न्हवं? मग ती आमच्यातली. आमच्यातलीला जो नेम, त्यो तिला."

तीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या ते वाक्य मला तिथं फुकट मिळालं, आणि तेही ठकीला काढून टाकताना. परीक्षक परवा येणार होते आणि आता ठकीबरोबर काम करायला एकही माणूस नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. अक्कांनी ते बघितलं न बघितलंसं केलं.

"भरून देता येतंय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "ज्याची पाळी मोडली त्याच्या रानात एक दिस राबायचं. सोता जमत न्हसंल तर घरचं मानूस धाडायचं."

"ठकीला तोडता येत नाही."

"म्हनून तर घरचं मानूस." आणि त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

कमलचं रान

तर चौथ्या दिवशी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, डोक्याला टॉवेल बांधून मी टोमॅटोच्या सरीत वाकले. कमलचा उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून, त्या दिवशी जिची पाळी होती तिने ती पुढे ढकलली होती आणि पाचहीजणी इथंच आल्या होत्या. पहिला अर्धा तास मजेत गेला. मी सुर्व्यांना फोटोसुद्धा काढायला सांगितला. पाऊण तासाने कंबर बोलू लागली. तासाभराने ती ओरडू लागली आणि मग माझ्याशी बोलायचीच बंद झाली. टोमॅटोच्या पाल्याने हात हिरवे-काळे झाले. शेजारच्या सरीत अक्का, माझ्याहून चांगल्या सात-आठ वर्षांनी मोठ्या, गप्पा मारत दुप्पट वेगाने पुढे गेल्या.

मी कॅरेट भरलं, ठकीच्या पाठीवर ठेवलं आणि पुन्हा वाकले. ठकीने मान वळवली. माझ्यावरून तिची नजर गेली, थांबली नाही. मी हिला जन्माला घातलं. हिच्या मानेची उंची माझी, चालीचा वेग माझा, माणसापासून किती अंतरावर थांबावं हेसुद्धा मी ठरवलेलं. आणि मी कामाला वाकले तशी मी तिच्यासाठी उरलेच नाही. ती माझ्या अंगावरून दूरच्या बुजगावण्याकडे बघत होती. मला लाज वाटली. खरी लाज, कान तापवणारी. तीस वर्षांत मी शेकडो माणसांना रोबोच्या शेजारी बसवलं होतं, पण स्वतः त्याच्याबरोबर एक दिवसही राबले नव्हते. काचेआडून बघणारी ती मी, आणि मी उभी होते म्हणून ठकीलाही उभीच माणसं दिसत होती.

"सुर्वे!" मी सरीतूनच ओरडले. "चित्रीकरण करा. सगळ्यांचं. वाकलेलं, बसलेलं, पाठमोरं, सगळं. दिवसभर!"

सुर्वे पहिल्यांदाच धूळ विसरून सरीत उतरले.

संध्याकाळी कमलच्या अंगणात लॅपटॉप मांडला. प्रत्येक चित्रात माणूस कुठे आहे ते दाखवून द्यायचं, मग ठकी ते शिकते, असं हे काम. मला त्या चित्रांतून नुसत्या पाठी आणि लुगडी दिसत होती. बायकांना मात्र सगळ्या दिसत होत्या. "ही नंदी, डाव्या गुडघ्यावर भार देती." "ह्या अक्का." "ही मी, दुपारची, थकलेली." बोटं पडद्यावर टेकत होती आणि सुर्वे चौकटी आखत होते. मधेच एका चित्रावर सगळ्या अडल्या.

"ही कोन गं? आपल्यातली न्हाय."

"कंबर बग की. मोडक्या छत्रीवानी."

"आगं म्याडम हायती!"

तेवढं हसणं झाल्यावर कमलने माझ्या पाठीला खोबरेल लावून दिलं आणि सहज म्हणाली, "उद्या आराम करा. उद्या येळवस."

"म्हणजे?"

म्हणजे वेळ अमावस्या. या भागातला मोठा सण. सगळा गाव रानात जातो, जेवतो, दुसऱ्याला जेवायला घालतो, आणि त्या दिवशी कामाला कुणी हात लावत नाही. परीक्षकांनी दिल्लीच्या दिनदर्शिकेत बघून नेमका तो दिवस निवडला होता, आणि मी पुण्याच्या दिनदर्शिकेत बघून होकार दिला होता. मी कमलला विनवलं, तासभर तरी तोडणी करून दाखवा. तिने मान हलवली.

"माफ करा म्याडम, उद्या झाडाचं पान बी तोडायचं न्हाय. पर ठकीला आना. पाळी भरलाव तुमी. तिचं नाव लागलं परत."

येळवस

सकाळपासून रस्त्याने माणसंच माणसं. डोक्यावर टोपल्या, घागरी, आणि मधूनमधून बैलगाड्या, ट्रॅक्टर. कमलच्या रानात कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटी, उभी केलेली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले. पूजा झाली, रानाभोवती आंबील शिंपडून झाली. आणि मग अन्न! सगळ्या कडधान्यांची, हिरव्या दाण्यांची, पाल्याची बेसन-ताकात शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, धपाटे, गव्हाची खीर आणि घागरीतली गार आंबील. येणारा-जाणारा प्रत्येकजण ओढून आणला जात होता. इथं या दिवशी न जेवता कुणाचं रान ओलांडणं हा अपमान असतो.

परीक्षक साहेब सोलापूरहून गाडीने आले. मराठीच गृहस्थ, उंच, पांढरी टोपी, हातात फाईल. "काम कुठे चाललंय?" त्यांनी विचारलं.

"आज काम बंद आहे," मी म्हटलं, आणि ते फाईल मिटायला लागले.

कमल पुढे आली. "सायेब, पंगत वाढायची हाय. तीस-चाळीस पानं. ते काम न्हाय का?"

सरीच्या कडेने लांबलचक पंगत बसली होती. कमलने भज्जीचं पातेलं उचलून ठकीच्या पाठीवर ठेवलं. साहेबांना बसायचा आग्रह झाला. "मी फक्त निरीक्षण करणार," असं म्हणून ते पंगतीच्या टोकाशी ताठ उभे राहिले. सगळ्या रानात ताठ उभं असं एक तेच माणूस होतं. बब्रुवान तर सवयीने केव्हाच बसला होता.

कमल पहिल्या पानावर वाकली.

ठकी थांबली. तिची मान हळूच वळली आणि साहेबांवर स्थिरावली. टोपीपासून बुटांपर्यंत तिने त्यांना न्याहाळलं. तिचं पुढचं चाक त्यांच्या दिशेने बोटभर फिरलंसुद्धा. सुर्व्यांनी डोळे मिटले. अक्का पंगतीतून हळूच म्हणाल्या, "बा, बा."

अक्कांची कानडी ठकीला कळत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण तिची मान परत फिरली. वाकलेल्या कमलवर आली आणि थांबली. कमल दुसऱ्या पानावर सरकली, ठकी एक हात पुढे सरकली. तिसरं पान, चौथं पान. कमल वाकलेली, ठकी तिच्या शेजारी, पातेलं बरोबर हाताशी. पंगतीच्या टोकाशी येताना ती साहेबांच्या बुटांना वळसा घालून गेली. मी रडले. लपवलं नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "याला मोजमाप काय लावलंय?" वगैरे ते विचारू लागले, तोवर कमल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पळी.

"सायेब, खाली बसा आता. उभ्या मानसाला हितं वाढत न्हाईत."

साहेब इकडे तिकडे बघत मांडी घालून बसले. भज्जी तीनदा घेतली, आंबील दोनदा, आणि गाडीत बसताना धपाटे बांधून नेले. अहवालावर त्यांनी प्रकल्प पुढे चालू ठेवावा, असं लिहिलं. त्या कागदाच्या कोपऱ्यावर भज्जीचा पिवळा डाग आहे.

पुणे

ठकी हंगाम संपेपर्यंत गावातच ठेवायची असं ठरलं. तिला चार्जिंगला लावायचं काम बब्रुवानकडे आलं. निघताना अक्कांनी विचारलं होतं, "ठकी आमच्या समद्यांच्या रानात राबनार. मग तिची पाळी कवा? तिचं रान कुठं हाय?" मी हसून म्हटलं होतं, तिचं रान म्हणजे पुण्याची माझी खोली, तीस वर्षांचं रद्दीचं पीक आलंय, निवृत्तीच्या आधी सगळं काढायचंय. मी गमतीत बोलले होते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला विभागाच्या दारात पाचजणी उभ्या. रात्रीच्या एस.टी.ने आलेल्या, डोक्याला टॉवेल, हातात भाकरीची गाठोडी. कमलने खोलीभर नजर फिरवली. "कुटनं सुरू करायचं?"

दुपारपर्यंत त्यांनी कपाटं रिकामी केली. मीही जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होते. एका गठ्ठ्यातून जुनी प्रश्नावली बाहेर आली, तीच, कमलने उलटसुलट बघितलेली. पहिल्या प्रश्नाची जागा अजून कोरी होती. मी पेन काढलं.

"कमल, आता सांगा. ठकीवर विश्वास किती?"

"सात," ती गाठ मारतच म्हणाली. "ते काय इचारायचं हाय?"

"आणि बब्रुवानवर?"

तिने गाठ अर्धवट सोडली.

"येताना मनलं, ठकीला बगा आन् तोडनी बी करा. मान डोलावली. आन् खरंच सरीत बसलं की वो, म्या बांदावरनं बगितलं." ती थोडी लाजली. "चार लिवा."